सहावा चौकोन

१

प्रयोगशाळेत तिला सगळे काटामॅडम म्हणायचे. अर्थात पाठीमागे, समोर नुसतंच मॅडम. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. क्रीम बनवणाऱ्या बाईला याहून चांगलं नाव कोण ठेवणार? एखादी पावडर चिमूटभर जास्त पडली तर ती अख्खी बॅच मोरीत ओतून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. डाव्या हातात कागद धरून, उजव्या हाताने त्याला टिचक्या मारत ती काट्यावर पावडर सोडायची, तेव्हा डाव्या हाताची करंगळी आपोआप बाहेर निघायची. लहानपणी ती दारात चिरडली होती आणि तेव्हापासून वाकडीच राहिली होती.

सध्या तिच्या हातात जे क्रीम होतं त्यावर वर्ष गेलं होतं. काम सांगायला सोपं होतं. तीन गुणी द्रव्यं एकाच डबीत घालायची, बस. करायला मात्र महाकठीण, कारण ही तिघं एका घरात सुखाने नांदत नाहीत. व्हिटॅमिन सीला आंबटपणा लागतो. तो कमी पडला की ते रुसून पिवळं पडतं. नायसिनामाइड तसं समजूतदार, पण त्याला फार आंबटात फार दिवस ठेवलं की ते आपलं रूप बदलतं आणि चेहरा लालबुंद करून सोडतं. रेटिनॉलला ना उजेड सोसत ना हवा, आणि आंबटाच्या जोडीला बसवलं तर भल्याभल्यांच्या कातडीची सालं निघतात. लोक बाजारातून तीन बाटल्या आणतात, एकावर एक थापतात आणि मग रडत डॉक्टरकडे जातात.

तिने व्हिटॅमिन सीचं एक सौम्य भावंड निवडलं, कमी आंबटातही टिकणारं. रेटिनॉलला मेणाच्या बारीक कवचांत कोंडलं. आंबटपणाचा आकडा साडेपाचावर आणून ठेवला. तिघांची अशी काही समजूत घातली की उबदार कपाटात तीन महिने काढूनही डबीत ना रंग बदलला ना वास. हे काम आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमलं नसतं याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती, आणि तसं बोलून दाखवायला ती लाजतही नसे.

वर्षभर प्रत्येक नमुना तिने आधी स्वतःवर लावला होता. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला हिरव्या पेनाने चौकोन आखायचे, नमुना लावून वर पट्टी चिकटवायची, दुसऱ्या दिवशी काढून बघायचं. काही म्हणजे काही व्हायचं नाही. "माझी कातडी गेंड्याची आहे," असं ती हसून सांगायची.

२

आता क्रीम दहा परक्या माणसांच्या हातांवर होतं, आणि ते हात वाचणं हे तिचं काम होतं.

त्यासाठी तिने एक खोली मुद्दाम तशी करून घेतली होती. मधोमध प्लायवूडची भिंत. भिंतीला टेबलाच्या उंचीवर एक खिडकी, आणि खिडकीला काळ्या कापडाची बाही शिवलेली. पलीकडे माणूस खुर्चीवर बसायचा आणि बाहीतून डावा हात इकडे घालायचा. इकडे मॅडम, दिवा आणि भिंग. चेहरा दिसायचा नाही, नाव कळायचं नाही, बोलायचं तर नाहीच. माणसं जमवणं, पट्ट्या लावणं आणि एकेकाला आणून खुर्चीवर बसवणं हे सगळं एक उत्साही बाई बघायच्या. त्यांच्या हातात सदा यादी असायची, म्हणून त्या यादीवाल्या. ती यादी मॅडमनी कधी बघायची नाही, हाही मॅडमचाच नियम होता.

प्रत्येक हातावर जांभळ्या शाईचे सहा चौकोन. पहिला मोकळा. दुसऱ्यात नुसतं साधं मलम. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्यात तिचं क्रीम, चढत्या ताकदीचं. आणि सहाव्यात साबणाचं पाणी. म्हणजे भांडी घासायचं नव्हे. कुठल्याही कातडीला हमखास लाल करणारं, मोजून पातळ केलेलं द्रावण. ते कशासाठी, असं नव्या माणसाने विचारलं की ती सांगायची, सहावा लाल झाला तरच बाकीच्या पाचांवर विश्वास ठेवायचा. "आणि नाही झाला तर?" असंही कुणीतरी विचारायचंच. "तर समजायचं, समोर माणूस नाही." सगळे हसायचे. ती स्वतःही हसायची.

स्वतःच्या हातावर मात्र तिने सहावा चौकोन कधी आखला नव्हता. आपली कातडी कशी आहे हे आपल्याला ठाऊक असताना उगाच जळजळ कशाला, असा तिचा हिशेब.

त्या मंगळवारी सकाळी पहिले सहा हात अगदी पुस्तकातल्यासारखे आले. पाच चौकोन स्वच्छ, सहावा लाल. तिने भराभर आकडे टाकले. शून्य म्हणजे काही नाही, चार म्हणजे फोड. मग काळी बाही हलली आणि सातवा हात आला. पाच चौकोन स्वच्छ. सहावाही स्वच्छ.

तिने दिवा जवळ ओढला. पट्टी नीट चिकटली नसेल. घाम आला असेल, नाहीतर अंघोळीत सुटली असेल. अशा गोष्टी होतात. तिने वहीत "पट्टी सैल?" असं लिहिलं आणि हाताला दोन बोटांनी हलकेच टिचकी दिली. झालं, जा, अशी ती खूण होती. हात आत गेला.

आठवा आल्यावर तिच्या लक्षात आलं की सातव्याच्या चौकोनांची शाई जांभळी नव्हती, हिरवी होती. यादीवालीबाईंचं पेन संपलं असेल. ते इकडे आठव्यावर जांभळं कसं झालं, हा प्रश्न तिने नवव्या हातापर्यंत मनात ठेवला आणि दहाव्यानंतर विसरून गेली.

३

चेहरा न बघण्याचा हा नियम कुठून आला, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

घरी ती आणि तिची थोरली बहीण, दोघीच. अकरा वर्षांपूर्वी तिने ताईला कौतुकाने दोन बाटल्या आणून दिल्या होत्या. एकीत ॲसिड, एकीत रेटिनॉल. दिवसाआड लाव, असं ती घाईघाईत म्हणाली होती. ताईने बहिणीच्या मायेपोटी दोन्ही रोज लावल्या, एकीवर दुसरी. चौथ्या दिवशी ताई तिच्यापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बघ गं, जरा जास्तच लाल झालंय का?"

तिला दिसलं होतं. गालांवर कातडी ताणून चकाकत होती, नाकाच्या कडेला सालं सुटायला लागली होती. परक्या बाईचा चेहरा असता तर तिने जागच्या जागी तीन आकडा टाकला असता. पण ती ताई होती, खूश होती, आणि बाटल्या आपण दिलेल्या होत्या. "काही नाही गं," ती म्हणाली. "छान आहे."

ताईने विश्वास ठेवून आणखी दोन आठवडे लावलं. त्यानंतर गालांवर जे काळे डाग आले ते गेले नाहीत. ताई बाहेर पडेनाशी झाली, दिवसा खोलीचे पडदे ओढून बसायला लागली. काम तिने आवाजाचं धरलं. घरी बसून पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. आवाज तिचा फार गोड होता. तिने बहिणीला कधी एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच बहिणीला जास्त लागायचं.

तेव्हापासून खिडकी. माया असली की डोळा खोटं बोलतो, हे तिला एका चेहऱ्याची किंमत देऊन कळलं होतं.

आणि हे क्रीम खरं तर ताईसाठीच होतं. मालक त्याला काहीही नाव देवोत, कुठल्याही डबीत भरोत. पहिली डबी ताईची. ताईलाही ते ठाऊक होतं. मंगळवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ताईच्या खोलीचं दार नेहमीसारखं वीतभर उघडं होतं. आतून आवाज आला, "किती राहिलं गं, छोटे?"

"शुक्रवारी शेवटचं वाचन. दहापैकी दहा हात साफ निघाले की तुझ्या हातात डबी."

आतून ताई हसली. का हसली ते तिने विचारलं नाही.

४

शुक्रवारी सातव्या हाताची ती वाट बघत होती, हे तिला कबूल करावं लागलं.

हात आला. हिरवे चौकोन. सहाही स्वच्छ.

या वेळी तिने भिंग काढलं. कातडी म्हटली की तिच्यावर नक्षी असते. बारीक रेघांच्या जाळ्या, भोकं, लव, एखादा तीळ, डासाने चावल्याची खूण. इथे काही नव्हतं. पहिल्या चौकोनात नव्हतं, चौकोनांच्या बाहेरही नव्हतं. मनगटापासून कोपरापर्यंत एकसारखा मऊ, किंचित चकाकणारा पृष्ठभाग. डबी भरून झाल्यावर चमचा फिरवून वरचा थर गुळगुळीत करतात, तसा.

लव काढलेली असेल, ती मनाशी म्हणाली. काही बायका सगळा हात गुळगुळीत करून घेतात. भिंगाची काच धुरकट झाली असेल. तिने काच कोटाला पुसली आणि पुन्हा पाहिलं. काच स्वच्छ होती.

मग तिने अंगठा टेकवला आणि दाबला. उचलला तेव्हा अंगठ्याचा खळगा तसाच राहिला होता. नुसता खळगा नव्हे, अंगठ्यावरच्या रेघासुद्धा उमटल्या होत्या. ती बघत राहिली. खळगा भरून यायला बराच वेळ लागला, आणि तो कडेने आत, हळूहळू, ओघळत भरला.

सूज. अंगावर पाणी धरलं की बोट रुततं, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. या बाईंना डॉक्टरकडे पाठवायला हवं. इतकं साधं असताना आपल्या तळव्यांना घाम का फुटावा, हे तिला कळेना आणि त्याचा रागही आला.

तिने स्वतःचा नियम मोडला. "सात नंबर, कुठे खाज येते का? जळजळ?"

 हात सावकाश उलटा झाला, न सांगता सगळं दाखवावं तसा, आणि बोटं पसरली. करंगळी वाकडी होती.

वाकड्या करंगळीची माणसं ढिगाने असतात. ती वाकली, आणि हात अजून टेबलावर असतानाच तिने काळ्या बाहीची कड उचलून पलीकडे डोकावलं. फट चार बोटांची. खुर्चीचा पाय दिसला. भिंतीवरचं घड्याळ दिसलं, अकरा वाजून दहा मिनिटं. आणि पांढऱ्या कोटाची एक बाही दिसली, कोपराच्या वर दोन घड्या घालून नीट दुमडलेली. प्रयोगशाळेत पांढरा कोट फक्त तिचा आणि मालकांचा, आणि मालक आठवडाभर बाहेरगावी होते. तिने मान आणखी खाली केली तेव्हा हात झपकन आत ओढला गेला, बाही तिच्या गालावरून घासत गेली, आणि पलीकडे डबीचं झाकण फिरवून घट्ट लावल्याचा आवाज झाला. कर्र, कर्र, कर्र. शेवटचा फेरा जरा जोरात, ती स्वतः लावायची तसा.

५

"सात नंबर कोण आहे?" तिने यादीवालीबाईंना विचारलं. त्या पलीकडच्या खोलीत चहाचे कप गोळा करत होत्या.

"अहो मॅडम, तुम्हीच तर नावं सांगू नका म्हणता."

"आता सांगा."

"सात म्हणजे त्या शिवणकामवाल्या. पण त्या कुठे येतात आता? ही सहा चौकोनांची चाचणी सुरू व्हायच्या आधीच फोन आला त्यांचा. मुलीकडे गेल्या, बाळंतपणाला. मी यादीत फुली मारून ठेवलीये बघा." त्यांनी यादी पुढे केली. सातव्या नावावर जांभळी फुली होती. "सहा झाले की मी सरळ आठव्याला बसवते. मधे तुम्हाला जरा थांबावं लागतं एवढंच."

"मधे खुर्चीवर कोण असतं?"

"कोणी नाही. मी आठव्यांना आणायला जाते की बाहेर." यादीवालीबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय झालं? नऊच हात आहेत म्हणून रागावलात का? मला वाटलं तुम्हाला कळलं असेल."

तिने वही उघडली. मंगळवारी दहा ओळी. आज सातच्या ओळीवर थांबलेली. सगळी अक्षरं तिचीच. ती खुर्चीवर बसली आणि तिने शांतपणे विचार केला, कारण शांतपणे विचार करणं तिला उत्तम जमायचं. कुणीतरी चेष्टा करतंय. नऊ जणांपैकी कुणीतरी फिरून परत बसतं आणि हाताला काहीतरी फासून येतं, रबराचा मोजासुद्धा असेल. पांढरा कोट खुर्चीवर टाकलेला असेल. तिने उठून बघितलं. तिचा दुसरा कोट खुंटीवर होता. त्याच्या दोन्ही बाह्या सरळ होत्या, पण डाव्या बाहीवर कोपराच्या वर दोन घड्यांच्या ताज्या चुण्या होत्या.

"मी घरी जाते," ती म्हणाली.

यादीवालीबाईंच्या हातातला कप हातातच राहिला. मॅडम जेवणाच्या सुट्टीआधी घरी गेल्याचं त्यांच्या आठवणीत नव्हतं.

६

घरात उजेड होता. ही पहिली गोष्ट तिच्या लक्षात आली. ताईच्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि पडदे बाजूला सारलेले होते. ताई खिडकीशी बसली होती, उन्हात.

"लवकर आलीस?" ताई वळली. "बरं झालं. मला सांगायचंच होतं."

तिच्या गालांवर एकही डाग नव्हता.

अकरा वर्षांचे डाग. तीन दिवसांत काय, तीन महिन्यांतही कुठलंही क्रीम एवढं करत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? टेबलावर डबी होती. तिच्या प्रयोगशाळेची. झाकणावर हिरव्या पेनाने सात लिहिलेलं.

"ही कुठून आली?"

"असं काय करतेस? तूच दिलीस की. मंगळवारी."

"मी मंगळवारी दिवसभर कामावर होते, ताई."

"मधेच आली होतीस. मी रेकॉर्डिंगला बसले होते. दाराच्या फटीतून हात घातलास आणि डबी टेबलावर ठेवलीस. मी म्हटलं, आलीस का? तर उत्तर नाही. मला वाटलं, लाजतेस." ताई हसली. "पुन्हा संध्याकाळी शुक्रवार-शुक्रवार करत होतीस तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, हिला चोरून दिल्यासारखं करायचंय तर करू दे."

"तू हात बघितलास. चेहरा नाही."

"तुझा हात मी ओळखत नाही होय? दारात ती करंगळी चिरडली तेव्हा तुला उचलून डॉक्टरकडे कोण घेऊन गेलं होतं?"

रेकॉर्डिंग अजून पुसलेलं नव्हतं. ताईने ते लावलं. ताईचा गोड आवाज एक वाक्य वाचत होता, मग दार करकरलं, मग ताईच म्हणाली, आलीस का? त्यानंतर काही क्षण नुसती शांतता. पावलं नाहीत, श्वास नाही. मग डबी लाकडावर टेकल्याचा आवाज आणि झाकणाचे तीन फेरे. कर्र, कर्र, कर्र. शेवटचा जोरात. पडद्यावर वेळ होती मंगळवार, अकरा वाजून दहा.

मंगळवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी ती दिवा जवळ ओढून सातवा हात बघत होती. वहीत तशी नोंद होती.

"काय गं झालं?" ताईने तिचं मनगट धरलं. "आणि माझ्याकडे बघ ना जरा. खरं सांग. कसं दिसतंय?"

ऊन सरळ ताईच्या गालावर पडलं होतं. तिला एवढंच करायचं होतं: अंगठा टेकवायचा, दाबायचा, उचलायचा. तिने हात वर नेला आणि तो तसाच खाली घेतला. तिला भीती वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी मोजायची भीती वाटत होती.

७

पण काटामॅडमचं नाव उगाच पडलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत ती सावरली. जे कळत नाही ते मोजायचं, दुसरा उपाय तिला माहीत नव्हता. डबी तिने तीन पिशव्यांत बांधून बाहेरच्या कपाटात कुलपात ठेवली. मग आपल्या कामाच्या बॅगेतून साबणाच्या पाण्याची कुपी आणि पट्ट्या काढल्या आणि ताईसमोर बसली.

"हे काय?"

"सहावा चौकोन. रात्रभर ठेवायचा. सकाळी लाल झाला पाहिजे."

"आणि नाही झाला तर?"

तिने पट्टीमागचा कागद सोलला. ताईने तिच्याकडे पाहिलं आणि निमूटपणे हात पुढे केला. पट्टी लावून झाल्यावर मात्र म्हणाली, "मला एकटीलाच शिक्षा होय? तूही लाव. नाहीतर मी काढून टाकते."

लहानपणी औषध घ्यायचं असलं की ताई हेच करायची. आधी तू, मग मी. तिला इतक्या दिवसांनी हसू आलं. तिने डावी बाही दोन घड्या घालून कोपराच्या वर सरकवली आणि हात पुढे केला. ताईने चष्मा लावून, जीभ दातांत धरून, पट्टी बरोबर मधोमध चिकटवली.

सकाळी ताईनेच तिला हाक मारून उठवलं. "छोटे, ऊठ. हे मेलं किती खाजतंय, बघ तरी."

ती धावतच स्वयंपाकघरात गेली. ताई चहाच्या भांड्याशी उभी होती. पट्टी तिने स्वतःच अर्धी सोलून काढली होती, आणि खाली नाण्याएवढा, लालभडक, कडेला किंचित फुगलेला चौकोन होता. इतका सुंदर लाल रंग तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तिने त्यावर अंगठा दाबला. कातडी पांढरी पडली, आणि अंगठा उचलताच सपाट होऊन पुन्हा लाल झाली. मग तिने ताईचा गाल दाबला. तोही तसाच. तो गाल होता, ताईचा होता, आणि सकाळच्या उजेडात नीट पाहिलं तर जुन्या डागांच्या कडा अजून फिकट फिकट दिसत होत्या.

"दोन," ती म्हणाली. "अडीच." आणि ताईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. अकरा वर्षांत ती ताईसमोर रडली नव्हती. ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि चहा उतू गेला तरी कुणी गॅस बंद केला नाही.

"आता तुझं बघू," शेवटी ताई म्हणाली.

"माझं काय बघायचंय?"

"वा. माझं एवढं लाल करून ठेवलंस आणि तुझं बघायचं नाही? आण इकडे."

तिने हात पुढे केला. तिला तसं काहीच वाटत नव्हतं. खाज नव्हती, जळजळ नव्हती. तेव्हा तिला जाणवलं की रात्रभरही काही वाटलं नव्हतं. ताईने चष्मा वर सरकवला आणि पट्टीची कड नखाने उचलली. पट्टी सहज निघाली, चिकटल्यासारखी निघालीच नाही.

ताई बघत राहिली. मग तिने अंगठा टेकवला, जसा आत्ता आपल्या हातावर टेकवलेला पाहिला होता तसा, आणि दाबला आणि उचलला.

तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं नाही. वाचन करणाऱ्याच्या चेहऱ्याकडे ती पाहत होती. एवढ्या वर्षांत ते तिने कधी केलं नव्हतं. ताईचे डोळे हातावर खिळले होते आणि हलत नव्हते. खळगा भरून यायला जितका वेळ लागतो तितका वेळ ते हलले नाहीत. ओठ एकदा उघडून मिटले. मग ताईने मान वर केली आणि हसली. इतकं मायेचं हसू होतं ते.

"काही नाही गं," ताई म्हणाली. "छान आहे."

आणि तिचा हात अलगद खाली सोडून ताईने आपला अंगठा ओट्यावरच्या फडक्याला पुसला.